मदत हवी आहे: वजन दुप्पट केलं तरी त्वरण दुप्पट येत नाही

शाळावाली
आठवीच्या मुलांना बल, वस्तुमान, त्वरण (वेग किती झपाट्याने बदलतो ते) फळ्यावर न शिकवता प्रयोगातून शिकवायला गेले आणि तोंडावर पडले. खेळण्यातली गाडी, तिला दोरा, दोरा टेबलाच्या कडेच्या कप्पीवरून खाली, टोकाला वजन. वजन दुप्पट केलं की त्वरण दुप्पट यायला हवं ना? येत नाही. चार गट, चार उत्तरं. मागच्या बाकावरून "बाई, नियमच चुकलाय का?" आणि सगळा वर्ग खिदळला. परवा पुन्हा तास आहे. घर्षणाचं माहीत आहे, ते सोडून सांगा.

पान्हा_१३
गाडी किती ग्रॅमची? टांगलेलं वजन किती? अंतर? वेळ कशाने मोजता?

निवांत मास्तर
मुळात 'बल = वस्तुमान × त्वरण' हे सूत्र नववीत येतं, 'गतीचे नियम' मध्ये. आठवीला 'बल व दाब' आहे. एवढी घाई कशाला? तीस वर्षं शिकवलं, आधी व्याख्या पाठ, मग गणितं. पोरं पास होतात.

शाळावाली
सर, पास होतात, पण रिकामा टेम्पो आणि भरलेला टेम्पो ढकलताना फरक का पडतो ते सांगता येत नाही. म्हणून तर हा खटाटोप.

खिडकीतली सीट
फुगा फुगवून सोडा. क्रिया-प्रतिक्रिया! मुलं जाम खूश होतात. रॉकेटही असंच उडतं.

पान्हा_१३
तो न्यूटनचा तिसरा नियम. त्या दुसऱ्यावर अडल्यात, बल = वस्तुमान × त्वरण वर.

चिकित्सक
शीर्षकातच घोळ आहे. वजन हे बल आहे, ते न्यूटनमध्ये सांगायचं. ग्रॅममध्ये असतं ते वस्तुमान. शिक्षकच असं लिहिणार तर मुलांचं काय?

खिडकीतली सीट
उद्या वाण्याकडे जाऊन ४९ न्यूटन साखर मागा. काय देतो ते इथे कळवा.

शाळावाली
माझा प्रश्न राहिला बाजूला. काट्यावर ठेवून बघितलं: गाडी १२० ग्रॅम. टांगलेलं आधी ५०, मग १००. अंतर ८० सेंमी. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर ०.८ सेकंद, मग ०.६५. निम्मा वेळ यायला हवा होता.

पान्हा_१३
आता कळलं. ताई, निम्मा वेळ येणारच नाही! गाडी थांबलेल्या जागेवरून सुटते, म्हणून अंतर हे त्वरण गुणिले वेळेचा वर्ग याच्या निम्मं. त्वरण दुप्पट झालं तर वेळेचा वर्ग निम्मा होतो, म्हणजे वेळेला १.४१ ने भागायचं.

पण खरी गोम पुढे आहे. टांगलेल्या वजनाची ओढ नुसत्या गाडीला हलवत नाही. खालचं वजनही तेवढ्याच त्वरणाने खाली जातं, म्हणजे तेही ओढायच्या मालात आलं. आधी ५० ग्रॅमची ओढ १७० ग्रॅमला, मग १०० ची ओढ २२० ला. बल दुप्पट केलंत, पण मालही वाढवलात. त्वरण दीडपटीच्या जरा वर जातं, बस्स.

उपाय: वजन बाहेरून आणू नका, गाडीतलंच काढून खाली टांगा. गाडी जड करा, सगळं मिळून ५०० ग्रॅम. वाळूच्या २० ग्रॅमच्या दोन पुड्या. आधी एक खाली, एक गाडीत. मग दोन्ही खाली. एकूण माल तोच, बल दुप्पट. वेळ साधारण २ सेकंद आणि १.४ सेकंद यायला हवा. सेकंदाच्या आतलं काही स्टॉपवॉचवर मोजू नका, बोटालाच ०.२ सेकंद लागतात.

घर्षण नको म्हणालात, तरी सांगतो. वजन न टांगता टेबलाच्या मागच्या पायांखाली वह्या सरकवत जा. टिचकी मारल्यावर गाडी एकाच वेगाने जाऊ लागली की उतार बरोबर झाला.

रील्सवाला
एवढं कशाला? स्लो मोशनमध्ये शूट करा, फ्रेम मोजा. २०२६ मध्ये स्टॉपवॉच?

निवांत मास्तर
वर्गात मोबाइल? मग त्वरण राहील बाजूला.

रील्सवाला
सर, मोबाइल बाईंचा असेल, पोरांचा नाही. आणि सेमीची पोरं ॲक्सलरेशन म्हटलं की स्कूटरची मूठ पिळतात. ब्रेक दाबला तरी ते त्वरणच, फक्त उलटं, हे त्यांना व्हिडिओवरच पटतं.

आईची_मुलगी
अवांतर: कप्पी कुठे मिळाली? मुलीला विज्ञान प्रदर्शनाला हवी आहे.

शाळावाली
हार्डवेअरच्या दुकानात, धुणं वाळत घालायच्या दोरीची. लहान घ्या, मोठी स्वतःच फिरायला आळस करते.

(दोन दिवसांनी)

शाळावाली
झालं! गाडीत वाळू भरली, टेबलाखाली दोन वह्या. तीन गटांना २.१ आणि १.५ आलं. चौथ्याचा दोरा कप्पीवरून घसरला, त्यांनी शेजाऱ्यांचा आकडा उतरवला, मी पकडलं. पुड्या गाडीतूनच का काढायच्या, हे मात्र दोनदा सांगावं लागलं. मागच्या बाकाने आता नवीनच काढलंय: "बाई, खाली हत्ती टांगला तर?" मी उद्या सांगते म्हणाले.

पान्हा_१३
त्वरण ९.८ मी/से² च्या (मोकळ्या पडणाऱ्या वस्तूच्या त्वरणाच्या) जवळ जाईल, वर नाही. गाडीचा माल हत्तीपुढे नगण्य, म्हणजे हत्ती जवळपास मोकळाच पडतोय. दोरा तेवढा तुटणार नाही असं धरा.

चिकित्सक
हत्तीचं वजन की वस्तुमान?