मदत हवी आहे: मावशींना बेडसोरची (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांची) काळजी नव्या पद्धतीने कशी शिकवू?

नमस्कार मंडळी. अमळनेरजवळच्या एका वृद्धाश्रमात मी दिवाळीपासून काम बघते. नर्सिंग झालंय. 34 आजी-आजोबा, त्यातले 7 अंथरुणाला खिळलेले, आणि त्यांचं सगळं करणाऱ्या 6 मावशी.

माकडहाडापाशी कातडी लाल दिसली की मावशी खोबरेल तेलाने ती जागा खसाखसा चोळतात आणि खाली हवेची रिंग देतात. अगदी जीव लावून करतात हो, कामचुकारपणा नाही. पण युरोप, अमेरिका आणि पॅसिफिक भागातल्या तज्ज्ञ संस्थांनी मिळून 2019 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत नेमक्या याच दोन गोष्टी टाळा म्हटलंय. दबलेली कातडी चोळली की आतून आणखी दुखावते, आणि रिंगच्या कडेवर नवा दाब येतो.

तासभर फळ्यावर शिकवलं, सूचना मराठीत छापून भिंतीला चिकटवल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्या दिवशी रात्रपाळीला डोकावले तर तेलाची वाटी उशाशीच! सगळ्यात जुन्या मावशी हसून म्हणाल्या, "काही व्हत नही ताई." त्यांच्या हाताखाली बाकीच्या तयार झाल्यात, त्यामुळे माझ्या कागदाला कोण विचारतो?

दुसरं म्हणजे कूस बदलणं. सूचनांत सरसकट दर दोन तासांनी वळवा असं नाही, माणूस बघून ठरवा असं आहे. रात्री दोघीच असतात. तक्त्यावर लिहू काय?

प्रतिसाद, भुसावळहून
भिंतीवरचे कागद काढा आधी. घरोघरी जाणाऱ्या मुलींना मी खाटेजवळच शिकवते. लाल जागेवर बोट दाबून सोडायचं. पांढरी पडून परत लाल झाली तर ठीक, लालच राहिली तर इजा सुरू झालीय. आपल्याकडे सावळ्या अंगावर लाली दिसतेच असं नाही, म्हणून हाताची पाठ लावून बघायची: शेजारच्या कातडीपेक्षा गरम, टणक किंवा पिचपिचीत लागते का? हे त्या मावशींना तुमच्यापेक्षा लवकर कळेल, बघा. नंतर "समजलं का" विचारू नका, "आता मला करून दाखवा" म्हणा. आणि नव्या मुलींना त्या जुन्या मावशींनाच अहिराणीत शिकवू द्या.

तेल हिसकावू नका, हातापायांना हलक्या हाताने लावायला द्या. रिंगवर एकेकीला बसवा, कड कशी दाबते ते आपोआप कळेल.

तक्त्यावर प्रत्येकाची वेळ वेगळी लिहा. दोन तासांनी सुरुवात करा, वळवल्यावरही लाली जात नसेल तर वेळ कमी करा. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी लावून 30 अंश तिरपं. टाचा अधांतरी, पोटरीखाली उशी.

मूळ प्रश्नकर्ती
रिंगवर आधी मीच बसले, पंधरा मिनिटांत उठले. त्या जुन्या मावशी दहाव्याच मिनिटाला! त्यांनी हाताच्या पाठीने एका आजोबांची डावी टाच गरम लागते म्हणून सांगितलं. मी सकाळी तीच टाच बघून "ठीक" लिहिलं होतं.

आता एकच. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, अंगाखालची चादर घामाने भिजते आणि त्यातच लाइट जाते. एअर मॅट्रेसचा पंप बंद पडला की गादी बसते. पंप इन्व्हर्टरवर टाकलाय का कुणी? की तेवढा वेळ साधी फोमची गादी बरी?