मराठीत ‘मॅड गॅब’ जमतं का? कोजागरीसाठी मदत हवी

गच्चीवरचा बंड्या

मंडळी, यंदा कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर खेळ घ्यायची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली आहे. (डोंबिवली, 24 बिऱ्हाडं, लिफ्ट नाही.) दरवर्षी मसाला दूध, भेळ आणि अंताक्षरी. अंताक्षरीत ‘ल’ आला की तीच दोन गाणी. यंदा काहीतरी वेगळं करायचं ठरवलंय.

उन्हाळ्यात न्यू जर्सीहून आलेल्या भाचीने ‘मॅड गॅब’ नावाचा खेळ आणला होता. कार्डावर एकमेकांशी काही संबंध नसलेले इंग्रजी शब्द असतात. ते मोठ्याने, भरभर म्हटले की ओळखीचं वाक्य ऐकू येतं. म्हणजे ‘आइल ऑफ व्ह्यू’ म्हणत राहा, शेजारच्याला ‘आय लव्ह यू’ ऐकू जातं. वाचणारा मात्र बेट आणि देखावा यातच अडकलेला. माझ्या भावजींनी एक कार्ड अकरा वेळा वाचलं, आम्ही सगळे पोट धरून हसतोय आणि ते आमच्याकडे बघतायत.

म्हटलं, आपल्या म्हणी घेऊन हेच करू. रात्री बसून 12 कार्डं केली. पहिलं होतं ‘नाच ताये ईनां गण वाकडे’. बायको गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, “अंगण वाकडे. पुढचं?” बाराच्या बारा कार्डं गवार संपायच्या आत संपली.

इंग्रजीत एकच आवाज पाच तऱ्हांनी लिहिता येतो, म्हणून डोळा फसतो. आपल्याकडे जसं बोलतो तसं लिहितो. जागा कुठेही सोडा, देवनागरी चुगली करते. मग हा खेळ मराठीत होणारच नाही, की मलाच जमत नाहीये?

तिखटमीठ

वाचायला इंग्रजी माध्यमातली चौथी-पाचवीची पोरं घ्या. ती अक्षर लावून लावून वाचतात, म्हण माहीत नसते, त्यामुळे वाचताना सुधारून घेत नाहीत. ओळखायचं मोठ्यांनी, आणि कार्ड मोठ्यांना दाखवायचं नाही. निम्मं काम झालं.

जुना मुद्रितशोधक

बंड्याशेठ, 31 वर्षं प्रुफं तपासली. ओळीच्या शेवटी शब्द भलत्या जागी तुटला की काय होतं ते या डोळ्यांनी पुष्कळ पाहिलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

‘जसं बोलतो तसं लिहितो’ हे शाळेत सांगतात, पण ते अर्धंच खरं. ‘कामापुरता’ लिहिताना ‘र’ पूर्ण असतो. बोलताना आपण त्याचा पाय मोडतो. ‘काम’ म्हणताना ‘म’मधला अ कोण उच्चारतं? तुम्ही नुसत्या जागा हलवल्यात. जागा हलवून डोळा फसत नाही, मात्रा फोडल्या की फसतो. ‘मा’ लिहू नका, ‘म’वर शब्द संपवा आणि पुढचा शब्द ‘आ’ने सुरू करा. कानाला फरक शून्य, डोळ्याला मात्र नवीच अक्षरं दिसतात. हे बघा:

काम आपूर ताम आमा.

वहिनींना द्या आणि घड्याळ लावा. आणखी दोन:

आधीप ओटो बाम अग वीठ ओबा.

एक आहा! ताने टाळी, वाजत ना ही.

शेवटचं माझं लाडकं आहे. बघणाऱ्याला वाटतं गाण्याच्या बैठकीबद्दल काहीतरी चाललंय, आणि असतं ते हाताबद्दल.

आता कुठे फसेल ते सांगतो. ‘गरज सरो’चं ‘गर जस रो’ केलंत तर ओळखता येणार नाही, कारण ‘गरज’मध्ये आवाज ग-रज असा तुटतो आणि तुम्ही वाचायला लावताय गर-जस. कुठला अ गिळला जातो हे आधी तोंडाने म्हणून बघा, मग कात्री चालवा. दुसरा खड्डा ‘च’चा. ‘चांदणे’मधला च दंततालव्य, ‘चमचा’ मधल्या दुसऱ्या च सारखा. तो तोडून ‘चांद’ लिहिलंत की लोक हिंदी गाण्यातला चांद वाचतात आणि चोराच्या मनातलं चांदणं जातं. तिसरा खड्डा आघाताचा. ‘दिव्या, खाली अंधार!’ हे कार्ड कागदावर फर्मास दिसतं, एक स्वल्पविराम टाकला की झालं. पण दिव्या नावाच्या मुलीला हाक मारताना आपण ‘व’वर जोर देतो, दिव्याखाली म्हणताना देत नाही. लिहिताना दोन्ही सारखेच. ‘र’साठी निदान दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना अशी वेगळी सोय आहे, बाकीच्या अक्षरांना तीही नाही.

आणि हा खेळ मराठीत नवा नाही हो. शाळेत सभंग श्लेष शिकलात ना? शब्द एका जागी तोडला तर एक अर्थ, दुसऱ्या जागी तोडला तर दुसरा. आमच्या मास्तरांचं उदाहरण दमयंतीचं होतं. विरहाने ती निपचित पडलेली, शीतोपचार चाललेत, आणि शुद्धीवर आल्यावर ती म्हणते, ‘औषध नलगे मजला’. आईला ऐकू येतं ‘न लगे’, औषध नको. ती ‘बरे’ म्हणून मान डोलावते. पोरीने मात्र सांगितलेलं असतं ‘नल गे’, नळच माझं औषध. एकाच वाक्यात आईची समजूतही काढली आणि मनातलंही बोलून टाकलं. मात्र नेहमीच्या बोलण्यात आपण ‘नल्’ म्हणतो, तेव्हा आईला लगेच संशय आला असता. कवितेत शेवटचा अ पुरता म्हणतात, म्हणून दमयंती सुटली.

अबोली

मास्तर, सुंदर. मला वाटतं आपण हा खेळ दर गणपतीत उलट्या बाजूने खेळतोच. आरतीत ‘फणिवरबंधना’ आहे, पोटाला नाग बांधलेला. मी लग्न होईपर्यंत ‘फळीवर वंदना’ म्हणत होते. आमच्या घरी देव खरोखरच फळीवर होते, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं! ‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’ तर अर्धं गाव म्हणतं. तिथे कार्ड बरोबर असतं आणि कान चुकीचा तोडतो.

इंग्रजीत अशा ऐकण्याला ‘मॉन्डेग्रीन’ म्हणतात. 1954 मध्ये सिल्व्हिया राइट यांनी हा शब्द आणला. लहानपणी एका जुन्या पोवाड्यासारख्या गाण्यात सरदाराला ‘लेड हिम ऑन द ग्रीन’, म्हणजे ‘हिरवळीवर निजवलं’, असं होतं, त्यांना तिथे ‘लेडी मॉन्डेग्रीन’ नावाची बाई ऐकू आली होती. आमच्या फळीसारखीच.

गच्चीवरचा बंड्या

अहवाल देतो.

‘काम आपूर ताम आमा’ला बायकोने घेतला पाऊण मिनिट. आधी म्हणाली, “हे काय, दक्षिणेतलं गाव?” मग तीन वेळा पुटपुटली आणि लाटणं खाली ठेवलं. मास्तर, तुम्हाला साष्टांग.

कोजागरीला 20 कार्डं नेली. तिखटमीठांचं ऐकून वाचायला पोरं घेतली. ‘झाक लीमूठ सव वाला खाची’ यावर दोन गटांत भांडण झालं, कारण पहिल्याने ‘मूठ’ ऐकलं आणि दुसऱ्याने ‘लाखाची’, आणि अर्धा गुण द्यायची सोय मी ठेवली नव्हती. ‘नाव अडती चेमी ठळणी’ला सगळे होडीच्या मागे लागले. कोणीतरी ठासून सांगितलं की कोकणातली म्हण आहे, आपल्याला माहीत नसणार.

पण रात्र जिंकली ती एका कार्डाने. पोरं पेंगायला लागली म्हणून तळमजल्यावरच्या आजी वाचायला बसल्या. चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “पळ साला! पा नेती नच!” गच्चीवर एकदम शांतता. आजी चिडल्या, म्हणाल्या, असलं मी वाचणार नाही. मग स्वतःच दुसऱ्यांदा म्हणाल्या, हळू, आणि कार्ड मांडीवर ठेवून इतक्या हसल्या की दूध सांडलं. उत्तर त्यांनी सांगितलं नाही. म्हणाल्या, “कुठेही जा, तेच आहे,” आणि तरीही चार जणांना कळलं नाही.

आजींनी काल बाजाराच्या यादीच्या पाठीमागे स्वतः एक लिहून पाठवलंय, मला अजून सुटलेलं नाही. जसंच्या तसं देतोय:

का खेत कळ, सागा वाला वळ सा?

तिखटमीठ

आजींना सांगा, मी घरभर शोधलं, उत्तर माझ्याच बगलेत निघालं.