मदत हवी आहे: पिल्लू गाढ झोपलंय की शुगर लो झालीये, कसं ओळखायचं?

नमस्कार, आमच्याकडे पॉमेरेनियनचं पिल्लू आलंय, 9 आठवड्यांचं, वजन जेमतेम 700 ग्रॅम. परवा संध्याकाळपासून त्याला पातळ शी होत होती, रात्रीचं खाणं नुसतं हुंगलं आणि सोडून दिलं. पहाटे बघते तर आडवं पडलेलं, उचललं तर मान टाकलेली, अंग गार, आणि खाली ठेवलं तर मागचे पाय घसरतायत, झोकांड्या खातंय, डोळे उघडे पण माझ्याकडे बघतच नव्हतं. बहिणीने फोनवर सांगितलं की हिरडीला मध चोळ, तो चोळला, टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि तशीच व्हेटकडे पळाले. त्यांनी तिथल्या तिथे रक्त तपासलं तर शुगर 46, म्हणाले नॉर्मल साधारण 70 ते 120 असते आणि 60च्या खाली गेली की लो धरतात. शिरेतून डेक्स्ट्रोज दिल्यावर हळूहळू मान वर केली आणि नंतर तर वाटी चाटूनपुसून साफ केली.

डॉक्टरांनी कारणही समजावलं, की एवढ्याशा पिल्लाचं लिव्हर छोटं, साखरेचा साठा फारसा होतच नाही, अंगावर मांस नाही चरबी नाही, मेंदूला मात्र ग्लुकोज सतत हवंच, त्यात अंगाची ऊब पटकन जाते आणि ती टिकवायला परत साखरच जळते. मोठ्या जातीचं पिल्लू एखादं जेवण चुकलं तरी निभावून नेतं, चिवावा, यॉर्की, माल्टीज, पॉम असल्या जातींचं नाही नेत.

हे सगळं कळलं पण आता माझीच झोप उडालीये. पिल्लं दिवसातले 18-20 तास झोपतात म्हणे, मग दर वेळी हलवून उठवायचं का? रात्री किती वेळा खायला द्यायचं? आणि घरातले म्हणतायत पाण्यात रोज ग्लुकोज पावडर घालत जा, ते बरोबर आहे का? ज्यांनी छोट्या जातीची पिल्लं वाढवलीयेत त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद 1

ताई, मध चोळून लगेच गाडी काढलीत ते फार बरं केलंत. झोपेचं सांगते. दर वेळी हलवून उठवू नका, त्याला झोपेची गरज आहे. खायची वेळ झाली की वाटी नाकाजवळ धरा. झोपलेलं पिल्लू आधी नाक हलवतं, मग जांभई, आळोखेपिळोखे आणि अर्ध्या मिनिटात वाटीत तोंड. शुगर उतरलेलं पिल्लू नाक हलवतही नाही, हलवलंच तरी उठताना मान डुगडुगते, पाय फाकतात, खाण्याकडून तोंड फिरवतं. झोपेत पाय झटकणं, बारीक कुईंकुईं करणं हे चालायचंच, स्वप्न पडतात त्यांना, जागं केलं की ते थांबतं. पण जागं असूनही थरथर थांबत नसेल किंवा एकटक बघत बसलं असेल तर वाट बघू नका.

हिरड्यांचा रंगही बघत जा, ठणठणीत असताना ओठ वर करून बघून ठेवा, म्हणजे फिक्या पडल्या की लगेच लक्षात येईल. काही पॉमच्या हिरड्या मुळातच काळपट असतात, तसं असेल तर जिभेवरून ठरवा.

प्रतिसाद 2

खाण्याबद्दल लिहितो. या वयात दिवसात 4 ते 6 वेळा थोडं थोडं, म्हणजे दर 3-4 तासांनी. रात्री झोपायच्या अगदी आधी एकदा, सकाळी उठल्याउठल्या एकदा, आणि आत्ताच अॅटॅक येऊन गेलाय तर मध्यरात्रीही एकदा द्याच, निदान शी घट्ट होऊन भूक नीट होईपर्यंत. पुढे वजन वाढलं की व्हेटला विचारून मधलं बंद करा. साधारण 4 महिने ओलांडले की बहुतेक पिल्लांची यातून सुटका होते.

पाण्यात रोज ग्लुकोज मात्र घालू नका. साखर झपकन चढते, शरीर इन्सुलिन सोडतं आणि ती परत खाली येते, शिवाय गोडाने पोट भरलं की खरं खाणं राहतं. मध किंवा साखरेचा पाक फक्त इमर्जन्सीला, आणि तो देऊन पिल्लू सावरलं की लगेच प्रोटीन असलेलं पपी फूड खाऊ घाला, नाहीतर थोड्या वेळाने परत तेच.

किचनच्या डिजिटल काट्यावर रोज सकाळी वजन करून लिहून ठेवा, वाढायचं सोडून एक दिवस जरी उतरलं तरी कारण शोधायचं. जंताचं औषध झालंय का? जंत, जुलाब, थंडी, नवीन घर, पाहुण्यांनी तासन् तास खेळवणं यातलं काहीही एकावर एक आलं की शुगर उतरते. आणि व्यवस्थित खात असूनही परत परत होत असेल तर लिव्हर शंटसाठी (रक्त लिव्हरला वळसा घालून जातं, तो दोष) बाइल अॅसिड टेस्ट ही रक्ततपासणी करायची का हे विचारा, विशेषतः यॉर्की आणि माल्टीजवाल्यांनी.

प्रतिसाद 3

दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत म्हणून कळकळीने लिहितेय. पिल्लू बेशुद्ध असेल किंवा फिट आली असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, फुफ्फुसात जातं. फिट चालू असताना तोंडात बोट घालायचं नाही, ती थांबली की बोटाच्या टोकावर अगदी थोडा मध घेऊन ओठाच्या आत, हिरडीला चोळायचं आणि गाडीत बसायचं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळूनच ठेवा, उघडी लावली तर चटका बसतो.

दुसरं, शुगर फ्री काहीही देऊ नका. त्यात बऱ्याचदा साखरेऐवजी गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं, ते कुत्र्यांना विषारी आहे, त्याने शुगर उलट धाडकन उतरते आणि लिव्हरही जातं. काही पीनट बटरमध्येही ते असतं, लेबल वाचल्याशिवाय चमचा चाटायला देऊ नका. घरातल्या माणसांचं ग्लुकोमीटर वापरायचा विचार असेल तर ते कुत्र्याच्या रक्तात बऱ्याचदा आकडा कमी दाखवतं, त्यामुळे आकड्यापेक्षा पिल्लाकडे बघा.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वाटीची युक्ती आज दिवसभर केली, दर वेळी उठून आलं, जीव भांड्यात पडला. शी तपासली, राउंडवर्म निघाले, औषध चालू केलंय. अजून एक, पुढच्या आठवड्यात लसीला न्यायचंय, गाडीत त्याला उलटी होते, मग उपाशी न्यायचं का?

प्रतिसाद 2

नाही, पूर्ण उपाशी नको. निघायच्या दीड-दोन तास आधी थोडं खायला द्या, मधाची छोटी बाटली आणि थोडं फूड सोबत ठेवा, पांघरूण घ्या, आणि पोहोचल्यावर शुगरचं झालेलं आधी सांगा म्हणजे वेटिंगमध्ये ताटकळत ठेवणार नाहीत. शी अजून पातळच असेल तर लस पुढे ढकलायची का ते फोन करून आधीच विचारा.