निवडणुकीची रात्र आणि आपलं घर: तुमचे अनुभव लिहा

पडवी, न्यू जर्सी

आमच्याकडे अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या रात्री जमण्याची सुरुवात वादळामुळे झाली. २०१२ साली आम्ही इथले नागरिक झालो. नोव्हेंबरात पहिलं मत द्यायचं होतं, आणि मतदानाच्या आठवडाभर आधी सँडी वादळ आलं. मतदानाच्या दिवशीही ओळखीतल्या तीन घरांत वीज नव्हती. आमच्याकडे होती, म्हणून सगळ्यांना म्हटलं, मत द्या आणि इकडेच जेवायला या. पिठलं-भात केला, टीव्ही लावला, मुलं गालिच्यावर झोपली. तेव्हापासून २०२० सोडून दर वेळी बोलावतो.

बोलावणं देशाच्या नावाने असतं. पक्षाची टोपी, बिल्ला, फलक दाराबाहेर ठेवायचा. मत दिल्याचं स्टिकर मात्र अभिमानाने लावून यायचं. व्हिसावरची मंडळीही येतात. त्यांना मत नाही, म्हणून नकाशा रंगवायचा पहिला मान त्यांच्या मुलांचा. भिंतीवर पन्नास राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन यांचा कोरा नकाशा लावतो. प्रत्येकावर अध्यक्ष निवडण्यासाठीची त्याची मतं (इलेक्टोरल मतं) लिहिलेली: कॅलिफोर्निया ५४, टेक्सास ४०, आमची १४. एकूण ५३८, जिंकायला २७०. राज्य जाहीर झालं की मूल उठतं, रंगवतं आणि बेरीज मोठ्याने सांगतं. इतकं नागरिकशास्त्र मी त्यांना पुस्तकातून शिकवू शकले नसते.

एक चूक पहिल्याच वर्षी झाली, ती सांगते. मी झेंडा छापलेले कागदी रुमाल आणले होते. शेजारचे सैन्यातून निवृत्त झालेले आजोबा आले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की वापरून फेकायच्या वस्तूंवर झेंडा छापू नये असं इथली ध्वजसंहिता सांगते. मला फार लागलं ते, कारण आपल्या तिरंग्यालाही रुमालावर छापायला मनाई आहे, हे मी शाळेतच शिकले होते. आता साधे लाल, पांढरे, निळे रुमाल आणते. खरा झेंडा ओसरीवर असतो आणि रात्रभर त्यावर दिवा.

सर्वांत लक्षात राहिली ती २०१६ ची रात्र. त्याच दिवशी, इथल्या सकाळी, भारतात पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्याची बातमी आली होती. इथे रात्री आठचे आकडे येऊ लागले तेव्हा तिकडे बुधवारची सकाळ उजाडत होती. निम्मे पाहुणे हॉलमध्ये फ्लोरिडाचे आकडे बघत होते, निम्मे स्वयंपाकघरात सांगली-नाशिकला फोनवर आईला विचारत होते, डब्यात किती आहेत, औषधापुरते शंभरच्या नोटांत निघतील का. दोन देशांची काळजी एकाच घरात. मध्यरात्रीनंतर एक मैत्रीण रडू लागली. तिच्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी दुसऱ्या बाजूला मत दिलं होतं. तेच उठले, तिच्यासाठी चहा करून आणला आणि काही न बोलता शेजारी बसून राहिले. पुढच्या खेपेला दोघंही आले.

तुमच्याकडे ही रात्र कशी जाते? भारतातल्या, जुन्या, रेडिओच्या काळातल्या आठवणीही लिहा. आजच्या पक्षांवरचा वाद मात्र इथे नको.

जुना वाडा, पुणे

२० मार्च १९७७, रविवार. मी अकरा वर्षांचा. बाबा आणीबाणीत मिसा कायद्याखाली येरवड्याच्या तुरुंगात होते, जानेवारीत सुटून आले होते. आमच्या खोलीत रेडिओ होता, म्हणून अख्खा वाडा आमच्याकडे. तेव्हा मतपत्रिका हातांनी मोजायच्या, निकाल थेंबाथेंबाने यायचे. आई दर तासाला चहा टाकत होती. साखर संपली तेव्हा समोरच्या काकूंनी आपला डबाच आणून ठेवला.

रायबरेलीत पंतप्रधान इंदिरा गांधी हरल्याचं कळलं तेव्हा पहिल्यांदा कुणीच ओरडलं नाही. सगळे बाबांकडे बघत होते. बाबा उठून देवघरासमोर गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. मग आजी म्हणाली, "अगं, शिरा टाक." रात्री तो शिरा आम्ही जिन्यात बसून खाल्ला. पुण्यातून मोहन धारिया निवडून आल्याचा आनंद वेगळाच. दुसऱ्या दिवशी आणीबाणी उठली. बाबांनी मला एवढंच सांगितलं की हे कागदाच्या तुकड्यांनी झालंय, विसरू नकोस. मी आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही.

टेम्सकाठ, लंडन

राष्ट्रकुलातले नागरिक असल्याने इथे भारतीय पासपोर्टवरही मत देता येतं. ४ जुलै २०२४ ला आम्ही सहा जणांनी दिलं. रात्री दहाच्या ठोक्याला एक्झिट पोल, तोवर वडापाव तयार. त्याच वर्षी गावी मात्र मत देता आलं नव्हतं, याची रुखरुख त्या रात्रीही होती.

शेणसडा, सातारा जिल्हा

मी प्राथमिक शिक्षिका. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या मोजणीवर ड्यूटी होती. पहाटे चारला घर सोडलं. मोबाइल बाहेरच जमा. आठला टपाली मतं, साडेआठला यंत्रं. हॉलमध्ये चौदा टेबलं, जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी. यंत्राचा क्रमांक दाखवायचा, सील दाखवायचं, बटण दाबायचं आणि आकडा त्यांना नीट दिसेल असा धरायचा. जाळीपलीकडचा एक म्हातारा प्रतिनिधी प्रत्येक आकडा वहीत लिहून मला पुन्हा वाचून दाखवायला लावत होता. मी प्रत्येक वेळी दाखवला, तो त्याचा हक्कच आहे. शेवटी पाच यंत्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या, म्हणजे प्रत्येक मताची छापील चिठ्ठी, एकेक करून मोजल्या आणि जुळल्या.

रात्री घरी आले तर अंगण भरलेलं. जावा, नणंदा, शेजारी सकाळपासून टीव्हीपुढे. २८८ जागांचं सगळं त्यांना पाठ, मला ठाऊक फक्त माझ्या टेबलावरचे आकडे! सासूबाईंनी भाकरी झाकून ठेवली होती. सगळ्यांनी मला मध्ये बसवून विचारलं, आत नेमकं कसं असतं गं? तासभर सांगत होते. माझ्या सासऱ्यांनी पंचावन्न वर्षं मत दिलं, पण ते मोजतात कसं हे त्यांना त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

निलगिरी, मेलबर्न

इथे मतदान शनिवारी आणि सक्तीचं. शाळेच्या आवारात मत द्यायचं, बाहेर पावात घातलेलं सॉसेज खायचं आणि संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमायचं. मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहायचा असतो, तो मुलांना समजेना. म्हणून ३ मे २०२५ ला गोडाचीच निवडणूक घेतली. श्रीखंड, लॅमिंग्टन, पावलोवा, पुरणपोळी. पहिल्या पसंतीत पावलोवा पुढे. पुरणपोळी शेवटची, ती बाद झाली आणि तिची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटली. मग लॅमिंग्टन बाद. शेवटी श्रीखंड दोन मतांनी जिंकलं. पुरणपोळीवाल्या मुलाला आपलं मत वाया गेलं नाही हे इतकं पटलं की टीव्हीवरची मोजणी तो आम्हाला समजावू लागला.

ओवी, कनेटिकट

पडवी, पुढच्या वेळी इलेक्शन केक करून बघा. आमच्या हार्टफर्डच्या नावाने ओळखला जातो, आणि पूर्वी मतदानाला गावात येणाऱ्या लोकांसाठी घरोघरी व्हायचा. १७९६ च्या छापील कृतीत १० पौंड लोणी, १२ पौंड मनुका आणि तीन डझन अंडी आहेत, त्यावरून किती माणसं जेवत असतील बघा. यीस्टने फुगवायचा असतो, म्हणून मी सकाळी मत द्यायला जाण्याआधी पीठ भिजवते. ब्रँडीऐवजी संत्र्याचा रस घालते, दालचिनी-धणे मूळचेच. तीन कप मैद्याचं माप लिहून ठेवलंय, हवं असेल तर सांगा.