टॅब कपाटातच राहतात. शिक्षकांना नेमकी कसली मदत द्यावी?

तंत्र_समन्वयक

नमस्कार. शाळेत ३० अँड्रॉइड टॅब, एक प्रोजेक्टर आणि एक साधा वाय-फाय राउटर आहे. इंटरनेट अधूनमधून जातं. १४ शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, पण दीड महिन्यानंतर टॅब वापरणारे तिघेच उरलेत. बाकीच्यांचं म्हणणं असं की ३५ मिनिटांच्या तासात १०-१२ मिनिटं टॅब वाटून जोडण्यातच जातात, आणि व्हिडिओ अडकला की वर्ग हाताबाहेर जातो. आणखी एक प्रशिक्षण ठेवायचा विचार चालू आहे. उपयोग होईल का?

वायर_आणि_वर्ग

प्रशिक्षण थांबवा, आधी यंत्रणा बघा. शिक्षकांची तक्रार रास्त आहे. ४८०पी (मध्यम दर्जाच्या) व्हिडिओला टॅबमागे साधारण १ ते १.५ एमबीपीएस (इंटरनेटचा वेग) लागतात. ३० मुलांनी एकदम सुरू केला तर ३० ते ४५ एमबीपीएस सलग हवेत. अधूनमधून जाणारं इंटरनेट हे पेलणार नाही, आणि त्यात शिक्षकाचा काही दोष नाही.

उपाय म्हणजे साहित्य शाळेतच ठेवायचं. जुना पण धड चालणारा लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय ४ (छोटा, स्वस्त संगणक, पुढे नुसतं ‘पाय’) घ्या आणि त्यावर कोलिब्री हे धडे-चाचण्यांचं सॉफ्टवेअर टाका. हे मोफत आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं. साहित्य एकदा चांगल्या इंटरनेटवर उतरवून पेन ड्राइव्हने आणता येतं. शिक्षकाच्या खात्यातून वर्गाला पाठ आणि चाचणी नेमून देता येते. विद्यार्थ्यांना पासवर्ड न विचारण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, लहान वर्गांसाठी ती चालू कराच. पासवर्ड विसरण्यातच निम्मा वेळ जातो.

आता घोळ कुठे होतो ते सांगतो. पायच्या स्वतःच्या वाय-फायवर ३० टॅब टाकू नका, तो केबलने राउटरला जोडा. राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) कायमचा राखून ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर पत्ता बदलतो आणि सगळ्या टॅबवरचे शॉर्टकट निकामी होतात. कोलिब्री सहसा ८०८० पोर्टवर उघडतं, म्हणजे पत्त्याच्या शेवटी ‘:८०८०’ लागतं. तो पूर्ण पत्ता ब्राउझरमधून होम स्क्रीनवर आयकॉन म्हणून ठेवा, मुलांना टाइप करायला लावू नका. टॅब राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या (गेस्ट) नेटवर्कवर जोडू नका. तिथे उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत, त्यामुळे वाय-फायची खूण पूर्ण दिसते पण पान काही उघडत नाही.

अँड्रॉइडची खोड वेगळी आहे. वाय-फायला इंटरनेट नाही असं दिसलं की टॅब ते सोडून दुसऱ्या नेटवर्कवर किंवा मोबाइल डेटावर जाऊ पाहतो. ‘तरीही जोडलेलं राहू द्या’ आणि ‘पुन्हा विचारू नका’ हे दोन्ही पर्याय प्रत्येक टॅबवर एकदा निवडा, जुनी साठवलेली नेटवर्कं काढून टाका. ॲपचे आपोआप होणारे अपडेटही बंद करा. इंटरनेट येताच ३० टॅब एकदम अपडेट मागू लागले की सगळं ठप्प होतं.

तारखेकडेही लक्ष असू द्या. टॅबची बॅटरी पूर्ण उतरली की काही वेळा तारीख मागे जाते, आणि मग सुरक्षित संकेतस्थळं ‘घड्याळ चुकीचं आहे’ म्हणत उघडत नाहीत. पाय ४ मध्ये तर बॅटरीवर चालणारं घड्याळच नसतं. इंटरनेट नसताना चालू केला की चाचण्यांच्या नोंदींवर चुकीच्या तारखा पडतात. म्हणून त्याला छोटं आरटीसी मॉड्यूल (बॅटरीवर चालणारं घड्याळ) लावा. पायची वायर कधीही थेट ओढायची नाही, मेमरी कार्डवरचा डेटा खराब होतो. कार्डची एक तयार प्रत कपाटात असू द्या.

सह_अध्यापन

वरचं सगळं झालं तरी तासाचं गणित उरतंच. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात बटणं कळतात, पण भरल्या वर्गासमोर ती वापरायची सवय वर्गातच लागते. शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक जॉइस आणि शॉवर्स यांनी १९८०च्या दशकातच हे मांडलंय: माहिती, प्रात्यक्षिक आणि सराव यांच्यापाठोपाठ प्रत्यक्ष वर्गात सोबत मिळाली तरच नवी पद्धत टिकते.

म्हणून एका वेळी एक शिक्षक, एक घटक आणि सलग तीन तास घ्या. पहिल्या तासाला टॅबचा भाग तुम्ही चालवा, शिक्षक पाहतील. दुसऱ्याला दोघं मिळून. तिसऱ्याला शिक्षक एकटे, तुम्ही मागच्या बाकावर. तिथे बसून फक्त तीन वेळा टिपा: पहिला टॅब हातात कधी पडला, शेवटच्या मुलाने पहिला प्रश्न कधी सुरू केला, आणि सगळे स्क्रीन कधी बंद झाले. पहिल्या दोन वेळांमधलं अंतर ४ मिनिटांच्या आत आणायचं. त्याच दिवशी १० मिनिटं बसून त्या आकड्यांवरच बोला.

दोन पथ्यं. शिक्षक अडकले तरी त्यांच्या हातातला माउस घेऊ नका, कुठे दाबायचं ते हळूच सांगा. मुलांसमोर माउस काढून घेतला की ते शिक्षक पुन्हा टॅब मागायला येत नाहीत. आणि ही टिपणं वरिष्ठांकडे मूल्यमापनासाठी अजिबात जाऊ देऊ नका.

दशांश_चिन्ह

माझं थोडं वेगळं मत आहे. जे ११ शिक्षक बाजूला झालेत त्यांना टॅबपासून सुरुवात करायला लावू नका. एक फोन, प्रोजेक्टर आणि प्लिकर्स या फोनवरच्या ॲपची कागदी कार्डं पुरेशी आहेत. मूल कार्ड धरतं, त्यावरचं जे अक्षर वरच्या बाजूला ते त्याचं उत्तर. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कोणाचं काय उत्तर ते लगेच कळतं. इंटरनेट फक्त शिक्षकाच्या उपकरणांना हवं. कार्डं चकचकीत लॅमिनेट करू नका, उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही. मुलांची बोटं काळ्या भागावर नकोत.

खरी मेहनत प्रश्नात आहे. उदाहरणार्थ: मोठी संख्या कोणती? ए) ०.४५, बी) ०.५, सी) दोन्ही समान. इथे ए धरणारं मूल ४५ आणि ५ अशी तुलना करतंय, म्हणजे त्याला स्थानिक किंमत कळलेली नाही. चुकीच्या पर्यायातून चूक नेमकी कोणती ते कळलं पाहिजे, नाहीतर तो प्रश्न टाकून द्या. बरोबर उत्तरं ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील तर उत्तर सांगू नका. शेजाऱ्याशी दोन मिनिटं चर्चा करू द्या आणि पुन्हा कार्डं धरायला सांगा. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांच्या पद्धतीतला हा भाग शाळेतही छान चालतो.

तंत्र_समन्वयक

खूप उपयोगी. अजून दोन शंका: ३० टॅब चार्ज कसे ठेवायचे? आणि ऐन तासात सर्व्हर, म्हणजे कोलिब्री चालवणारा पाय, बंद पडला तर?

वायर_आणि_वर्ग

टॅबमागे १० वॅट धरले तर एकूण ३०० वॅट. एवढा भार जास्त नाही, त्रास होतो तो उष्णतेचा. एका मल्टिप्लगला दुसरा जोडू नका, बंद कपाटात चार्जिंग नको. १० टॅबच्या तीन ट्रे करा, टॅबवर, वायरीवर आणि खाचेवर एकच क्रमांक घाला. मुलाचा हजेरी क्रमांक तोच त्याचा टॅब, म्हणजे वाटप आपोआप होतं. मोठ्या सुट्टीआधी बॅटरी निम्म्यावर ठेवून टॅब पूर्ण बंद करा. पाठ फुगलेला टॅब दिसला तर तो लगेच बाजूला काढा, चार्जिंगला लावू नका.

सह_अध्यापन

सर्व्हरबद्दल: पाठाच्या टाचणातच एक ओळ असू द्या, ‘दोन मिनिटांत चालू झालं नाही तर हाच प्रश्न फळ्यावर’. मग दुरुस्ती तास संपल्यावर तुम्ही करायची, शिक्षकांनी नाही. आणि टॅब दोघांत एक द्या, १५ च बाहेर काढा. वाटायला निम्मा वेळ लागतो, नेटवर्कवर निम्मा भार येतो, मुलं एकमेकांशी बोलतात आणि एखादा टॅब बिघडला तर बदली तयार असतो.

तंत्र_समन्वयक

सोमवारपासून पाचवीचा गणिताचा एकच घटक घेतो, १५ टॅबवर. तिन्ही वेळा टिपून इथेच टाकतो.