मुलाने गेममध्ये खरेदी केली: पैसे परत कसे मागायचे, आणि पुन्हा होऊ नये म्हणून नेमकं काय बंद करायचं?

तळ्याकाठी

आठ वर्षांचा मुलगा माझ्या अँड्रॉइड फोनवर एक गेम खेळतो. त्यात या आठवड्यात हिऱ्यांची खरेदी झाली. सोमवारी ₹८९ आणि ₹४४९, दोन्ही प्ले स्टोअरच्या बॅलन्समधून (वाढदिवसाला गिफ्ट कोड टाकला होता). काल बुधवारी रात्री ₹४४९ आणि ₹१,७९९, डेबिट कार्डावरून. ओटीपी याच फोनवर आला होता. शिवाय सात दिवस फुकट आणि मग महिना ₹१९९ अशी एक मेंबरशिपही यूपीआयवर सुरू झालेली दिसते.

विचारायचं ते असं:
१. यातलं काय परत मिळू शकतं आणि अर्ज कुठे करायचा?
२. बँकेला फसवणूक म्हणून कळवावं का?
३. पुढे फोनवर काय काय बंद करायचं? बहिणीच्या मुलीकडे आयपॅड आहे, तिथलंही सांगितलंत तर बरं होईल.

पावती_जपून

आधी एक काम करा. मुलाला आजपुरता तो गेम उघडू देऊ नका आणि गेम काढूनही टाकू नका. हिरे जितके शिल्लक, तितकी परतावा मिळण्याची शक्यता जास्त. गेम काढला तर प्लेअर आयडी शोधताना पंचाईत होते. सेटिंगमध्ये किंवा प्रोफाइलच्या चित्राखाली आकड्यांची एक ओळ असते, तिचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. शिल्लक हिऱ्यांचाही घ्या.

आता अर्ज. ब्राउझरमध्ये गूगल प्लेची वेबसाइट उघडा. ज्या खात्यातून खरेदी झाली तेच खातं उजवीकडे वर दिसतंय ना, ते तपासा. चुकीच्या खात्यात शिरल्यामुळे ‘ऑर्डरच दिसत नाही’ म्हणणारे बरेच असतात. प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी, मग ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’, मग ‘बजेट अँड ऑर्डर हिस्टरी’. प्रत्येक ऑर्डरपुढे अडचण कळवण्याचा किंवा परतावा मागण्याचा पर्याय येतो. कारणांच्या यादीत ‘मित्राने किंवा कुटुंबातल्या व्यक्तीने माझ्या संमतीशिवाय खरेदी केली’ अशा अर्थाचं कारण असतं, तेच निवडा. ‘चुकून घेतलं’, ‘आवडलं नाही’ वगैरे नको. खालच्या चौकटीत दोन-तीन वाक्यं पुरतात: मुलाचं वय, परवानगी नव्हती, हिरे बहुतेक शिल्लक आहेत, आता प्रत्येक खरेदीआधी पासवर्डाची पडताळणी सक्तीची केली आहे. हे शेवटचं आधी खरोखर करा आणि मगच लिहा. खातं पासवर्डाने राखलेलं नसेल तर पुढच्या वेळी परतावा नाकारतात.

प्रत्येक ऑर्डरचा अर्ज वेगळा. निर्णय कधी काही मिनिटांत येतो, कधी चार दिवस लागतात.

खरेदीनंतर ४८ तासांच्या आत असाल तर गूगलकडून परतावा मिळणं सोपं. म्हणजे कालच्यांचा अर्ज आत्ता, हे वाचताना करा. सोमवारच्या दोन्हींची मुदत उलटली आहे. त्यांचाही अर्ज एकदा टाका, कारण घरच्या माणसाने केलेल्या खरेदीचा विचार वेगळा होतो. पण त्याच वेळी गेम बनवणाऱ्या कंपनीलाही मेल करा. तिचा पत्ता प्ले स्टोअरवर त्या गेमच्या पानावर ‘ॲप सपोर्ट’खाली सापडेल.

बॅलन्समधून गेलेले ₹८९ आणि ₹४४९ परत आले तर बॅलन्समध्येच येतील, बँकेत नाही. कार्डाचे सहसा ३ ते ५ कामाच्या दिवसांत येतात, काही बँका जास्त वेळ घेतात.

दुसरा_दरवाजा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, फसवणूक म्हणून कळवू नका.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लोक इथे पुढे करतात. तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हे त्यात आहे. पण ते तिऱ्हाइताने बाहेरून पैसे काढले तर, आणि त्यात ग्राहकाचीही चूक नसेल तर. इथे तुमच्या फोनवर आलेला ओटीपी तुमच्याच फोनवर टाकला गेला. बँकेच्या नोंदीत हा व्यवहार रीतसर पूर्ण झालेला आहे. घरच्या मुलाने केलं हे माहीत असताना ‘मी केलं नाही, कोण जाणे कोणी केलं’ असं लिहून देणं खोटं ठरतं आणि तक्रार फेटाळली जाते ती वेगळीच. १९३० ही हेल्पलाइनही सायबर फसवणुकीसाठी आहे, यासाठी नाही.

दुसरा धोका तर त्याहून महाग पडतो. बँकेकडून चार्जबॅक (म्हणजे कार्डाचा व्यवहार बँकेकरवी उलटवून पैसे परत) मागितला की स्टोअर त्या खात्यावर खरेदीची बंदी घालू शकतं. त्याच खात्यावर तुमचा मेल, फोटो आणि बाकी विकत घेतलेलं सगळं असतं. स्टोअर आणि कंपनी, दोघांनी लेखी नकार दिल्यावरच बँकेकडे वळा आणि तिथेही खरं तेच लिहा.

मेंबरशिपचं आजच करा, सात दिवस संपायची वाट पाहू नका. गेम काढून टाकल्याने मेंबरशिप बंद होत नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे. प्ले स्टोअरमध्ये ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’, त्यात ‘सबस्क्रिप्शन्स’, त्या नावावर जाऊन रद्द करा. मग यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ उघडून तिथेही ती नोंद गेली का ते बघा. क्रम हाच ठेवा, आधी स्टोअर आणि मग यूपीआय. ऑटोपेमध्ये पिन फक्त सुरुवातीला लागतो. पुढे ₹१५,००० पर्यंतची प्रत्येक वजावट पिनशिवाय होते. फक्त २४ तास आधी सूचना येते. ती सूचना इतर शंभर मेसेजांत बुडून जाते.

तळ्याकाठी

मेंबरशिप रद्द केली, ऑटोपेमधूनही गेली. अर्ज टाकायला बसले तर ₹१,७९९ ची ऑर्डर यादीतच नाही. बाकी तिन्ही पावत्यांचा क्रमांक ‘जीपीए’ने सुरू होतो, हिचा नाही. मेलही वेगळ्याच नावाने आलाय. बँकेच्या मेसेजमध्येही प्लेचं नाव नाही. हे काय प्रकरण आहे?

पावती_जपून

म्हणजे ही खरेदी प्लेच्या बिलिंगमधून झालेलीच नाही. पैसे भरताना काही गेममध्ये दोन पर्याय येतात, प्लेचं बिलिंग किंवा कंपनीचं स्वतःचं. काहींचं वेगळं वेब दुकानही असतं: गेममधलं ‘जास्त हिरे मिळवा’ हे बटण दाबलं की ब्राउझर उघडतो आणि तिथे कार्डाचा नंबर भरलेला असतो. मुलाला दोन्हींत काही फरक दिसत नाही. ‘जीपीए’ नसेल तर गूगल त्यात काही करू शकत नाही, ४८ तासांचा नियमही तिथे लागत नाही. सरळ कंपनीला लिहा. बहुतेक कंपन्या परदेशी असतात, त्यामुळे इंग्रजीत पाठवा, पण मजकूर एवढाच असू द्या:

‘गेमचं नाव, प्लेअर आयडी, पावती क्रमांक. तारीख आणि वेळ, भारतीय प्रमाणवेळेनुसार. रक्कम ₹१,७९९, कार्डाचे शेवटचे चार आकडे. ही खरेदी माझ्या ८ वर्षांच्या मुलाने माझ्या परवानगीशिवाय केली. मिळालेल्या हिऱ्यांपैकी इतके शिल्लक आहेत, स्क्रीनशॉट जोडला आहे. ते काढून घ्यावेत आणि रक्कम मूळ कार्डावर परत करावी.’

कार्डाचा पूर्ण नंबर, ओटीपी, पिन यातलं काहीही मेलमध्ये लिहायचं नाही. परतावा झाला की कंपनी हिरे काढून घेते. खर्च झालेले असतील तर काही गेममध्ये खातं उणे दाखवतं, काहींत ते बंदही होतं. मुलाला हे आधीच समजावून सांगा, नाहीतर तो गेम नव्याने सुरू करून पुन्हा हिऱ्यांच्या मागे लागेल.

कलम_अकरा

कंपनीने टोलवाटोलवी केली तर काय, तेही लिहून ठेवतो.

भारतीय करार कायदा १८७२, कलम ११ नुसार अज्ञान (म्हणजे १८ वर्षांखालची) व्यक्ती करार करायला सक्षम नाही. अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल, हे १९०३ च्या मोहोरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं अपिलाचं सर्वोच्च न्यायपीठ) ठरवून दिलं. मेलमध्ये याचा उल्लेख जरूर करा, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. कंपनीचं उत्तर ठरलेलं असतं: खातं आणि कार्ड पालकांच्या नावावर आहे, करार त्यांच्याशी झाला. म्हणून मुख्य भर दोन गोष्टींवर हवा, खरेदी मुलाने केली याचा पुरावा आणि न वापरलेले हिरे.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. तेवढी मुदत देऊन मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा किंवा त्यांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. मराठीतही बोलता येतं. हा न्यायालयाचा आदेश नव्हे, कंपनीशी मध्यस्थी आहे. तरी ₹१,७९९ साठी ग्राहक आयोगात जाण्याआधी ही पायरी चढलेली बरी.

मेंबरशिप रद्द करायचं बटण दडवून ठेवलेलं असेल तर तेही तक्रारीत घाला. ‘डार्क पॅटर्न’ (ग्राहकाला चकवणारी ॲपची किंवा साइटची रचना) रोखण्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांतल्या तेरा प्रकारांत सबस्क्रिप्शनचा सापळा नाव घेऊन दिलेला आहे.

दुसरा_दरवाजा

आता तिसरा प्रश्न. आपल्याकडे खरेदीला दोन कुलपं असतात: स्टोअरची पडताळणी आणि बँकेचा ओटीपी किंवा पिन. ओटीपी आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. पण मूल ज्या फोनवर खेळतं त्याच फोनवर ओटीपी येतो, तो आपोआप भरलाही जातो, आणि यूपीआयचा पिन मुलांनी किराणा दुकानात आपल्या खांद्यावरून पाहिलेला असतो. चार किंवा सहा आकडे मुलांच्या डोळ्यांतून सुटत नाहीत. बॅलन्समधून खरेदी असेल तर बँकेचं कुलूप मध्ये येतच नाही. तुमच्या सोमवारच्या दोन्ही तशाच. म्हणून पहिलं कुलूप घट्ट करायचं.

प्ले स्टोअर, प्रोफाइल, सेटिंग्ज. तिथे खरेदीच्या पडताळणीचा पर्याय आहे. आवृत्तीप्रमाणे नाव थोडं बदलतं. तीन निवडी असतात: प्रत्येक खरेदीला, दर ३० मिनिटांनी, कधीच नाही. पहिलीच निवडा. ‘दर ३० मिनिटांनी’ याचा अर्थ असा की तुम्ही एकदा पासवर्ड टाकून ₹८९ चं काही घेऊन दिलंत आणि फोन मुलाच्या हातात दिलात, की पुढचा अर्धा तास दार सताड उघडं. अमेरिकेत २०१४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने ॲपलकडून किमान ३.२५ कोटी डॉलर आणि गूगलकडून किमान १.९ कोटी डॉलर पालकांना परत करवले, त्यात हीच उघडी खिडकी होती. ॲपलची १५ मिनिटांची, गूगलची ३० मिनिटांची.

हे सेटिंग त्या एका फोनापुरतं असतं. त्याच खात्याचा जुना टॅब घरात असेल तर तिथेही करावं लागेल.

बोटाचा ठसाही बघा. फोन उघडायला सोपं जावं म्हणून मुलाचा ठसा नोंदवलेला असतो आणि स्टोअर तोच ठसा मान्य करतं. त्याचा ठसा काढा, किंवा स्टोअरमध्ये बायोमेट्रिक बंद करून पासवर्ड ठेवा.

मग कार्ड आणि यूपीआय दोन्ही ‘पेमेंट मेथड्स’मधून काढून टाका. मोबाइलच्या बिलातून पैसे भरायचा पर्याय जोडलेला असेल तर तोही काढा. ब्राउझरमध्ये साठवलेलं कार्ड वेगळं असतं, क्रोमच्या सेटिंगमधून तेही पुसा. तुमचे ₹१,७९९ बहुधा तिथूनच गेले. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद-चालू करण्याची आणि मर्यादा घालण्याची सोय आहे. एरवी बंद ठेवा, लागेल तेव्हा चालू करा. आणि यूपीआय पिन आजच बदला.

‘बजेट’ नावाच्या सोयीवर विसंबू नका. ती मर्यादा ओलांडल्याचं फक्त सांगते, खरेदी थांबवत नाही.

एक_टॅब_दोन_मुलं

वरच्यात एक भर. मुलाला वेगळं खातं देणार असाल तर फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या ॲपमधून द्या. त्यात मुलाच्या नावावर जाऊन गूगल प्लेच्या नियंत्रणांत सगळ्या खरेदीला मंजुरी सक्तीची करता येते. मागणी तुमच्या फोनवर येते. दोन ठिकाणी घात होतो. ही मंजुरी फक्त प्लेच्या बिलिंगला लागू आहे, वेब दुकानाला नाही. आणि गेम तुमच्या खात्यातून उतरवलेला असेल तर खरेदीही तुमच्याच खात्यावर पडते, नंतर फोनमध्ये मुलाचं खातं जोडून काही उपयोग नाही. गेम काढून मुलाच्या खात्यातून पुन्हा उतरवा, अर्थात परताव्याचं काम संपल्यावर.

आयपॅडवर काम सोपं आहे. सेटिंग्ज, स्क्रीन टाइम, ‘कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स’ चालू करा, त्यात ॲप स्टोअरच्या खरेदीच्या भागात ‘इन-ॲप पर्चेसेस’ला ‘डोन्ट अलाउ’. मग बटण दाबलं तरी खरेदी होतच नाही, पासवर्डचा प्रश्नच येत नाही. स्क्रीन टाइमचा पासकोड आयपॅड उघडायच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवायला सांगा. तोच ठेवला तर मुलगी दोन मिनिटांत सगळं पूर्ववत करेल. गेममधली एखादी गोष्ट अधूनमधून घेऊ द्यायची असेल तर कुटुंबाचा गट करून ‘आस्क टू बाय’ चालू करावं. ते १८ वर्षांखालच्या सदस्यांसाठी आहे.

तिथे परतावा मागायचा तर ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ या ॲपलच्या पानावर जायचं, ‘रिक्वेस्ट अ रिफंड’ निवडायचं आणि मुलाने परवानगीशिवाय खरेदी केल्याचं कारण द्यायचं. व्यवहार ‘पेंडिंग’ दिसत असेल तर अर्ज जात नाही; पावतीचा मेल येईपर्यंत थांबा. उत्तर साधारण २४ ते ४८ तासांत येतं.

तळ्याकाठी

तिन्ही ‘जीपीए’ ऑर्डरींचे अर्ज टाकले, ₹१,७९९ चा मेल स्क्रीनशॉटसह कंपनीला गेला. क्रोममध्ये खरंच कार्ड साठवलेलं होतं, ते काढलं. ठसा मात्र मुलाचाच नव्हे, त्याच्या आजीचाही निघाला. तोही काढायला हवा का?

दुसरा_दरवाजा

आजीचा राहू द्या. फक्त स्टोअरमध्ये बायोमेट्रिक बंद करून पासवर्ड ठेवा, म्हणजे नातवाने ‘आजी, जरा बोट लाव’ म्हटलं तरी खरेदी होणार नाही.