सूर्याचं चुंबकीय क्षेत्र: उत्तर ५०० पटींनी कमी येतंय, मदत हवी आहे

पाचवा_तास
काल रात्रीपासून अडकलोय. पृथ्वीजवळ सूर्याचं चुंबकीय क्षेत्र किती हवं ते काढतोय, उत्तर येतं ०.०१ नॅनोटेस्ला. यानांनी मोजलेलं आहे साधारण ५. आकडेमोड तीनदा तपासली, एककंही तपासली. परवा मुलांसमोर मांडायचंय. कुठे चुकतंय? जाणकारांनी कृपया लवकर सांगावं.

विषमभुज
सूत्र कोणतं? सुरुवातीला कुठलं क्षेत्र धरलं? सौरडागात ते ३००० गाऊसच्या घरात जातं, ध्रुवांपाशी जेमतेम एक-दोन गाऊस. हे कळल्याशिवाय चूक कशी शोधणार?

ध्रुवतारा२२
एककांचाच घोळ असणार. माझा दर वेळी तिथेच व्हायचा. १ गाऊस म्हणजे १ लाख नॅनोटेस्ला. आधी सगळं नॅनोटेस्लात आणा, मग बघा.

पाचवा_तास
एककं तपासलीत, वर लिहिलंय. ध्रुवाजवळचं १ गाऊस घेतलं. अंतर सूर्याच्या २१५ त्रिज्या. सूत्र नेहमीचंच.

विषमभुज
नेहमीचं म्हणजे?

पाचवा_तास
पट्टीचुंबकाचं. अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. २१५ चा घन सुमारे ९९ लाख. १ लाखाला त्याने भागलं की ०.०१.

विषमभुज
सापडलं. भागाकार बरोबर आहे, सूत्र इथे लागू नाही. भोवती काहीच नसेल तेव्हा ते चालतं. सूर्याभोवती सौरवारा आहे, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणारा प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू), सेकंदाला ४०० किमीच्या आसपास. हा प्लाझ्मा विजेचा इतका उत्तम वाहक की बलरेषा त्यात गोठल्यासारख्या अडकतात आणि वारा त्यांना बाहेर ओढत नेतो. रेषा तेवढ्याच, पण त्या ज्या गोलावर पसरतात त्याचं क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने वाढतं. म्हणून घन नाही, वर्ग. १ लाख भागिले २१५ चा वर्ग: २.२ नॅनोटेस्ला.

चकती
हे अर्धंच झालं. सूर्य फिरतोय ते विसरलात. बागेतला फिरता फवारा आठवा: प्रत्येक थेंब सरळ बाहेर जातो, तरी धार वाकडी दिसते. सौरभौतिकशास्त्रज्ञ यूजीन पार्कर यांनी १९५८ साली हेच मांडलं. पृथ्वीपाशी रेषा सूर्य-पृथ्वी रेषेशी सुमारे ४५ अंशांत कललेल्या असतात, म्हणजे आडवा घटक सरळ बाहेर जाणाऱ्या घटकाइतकाच. २.२ ला १.४ ने गुणा, ३.१. आडवा घटक पुढे फक्त अंतराच्या पटीत कमी होतो, वर्गाच्या नाही, म्हणून शनीपाशी रेषा जवळपास आडव्याच झालेल्या असतात.

किरणोत्सुक
होकायंत्राची काळजी करू नका. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र २५ ते ६५ हजार नॅनोटेस्ला आहे, त्यापुढे हे ५ म्हणजे काहीच नाही.

विषमभुज
होकायंत्राबद्दल कोणी विचारलंय?

वेधकरी
पृष्ठभागापासूनच वर्ग लावणं मला पटत नाही. खाली बऱ्याच रेषा कमानीसारख्या परत सूर्यात वळतात. मॉडेलांत साधारण २.५ त्रिज्यांपासून पुढे त्या मोकळ्या धरतात. तिथपर्यंत घन, पुढे वर्ग असं केलं तर ०.९ च येतं.

चकती
म्हणजे ५ पासून आणखी लांब गेलो!

वेधकरी
हो. सूर्याचं क्षेत्र साध्या पट्टीचुंबकासारखं नसतं, हे एक कारण. पण पृष्ठभागाचे पूर्ण नकाशे घेतलेली मॉडेलंही बहुतेकदा मोजमापापेक्षा कमीच भरतात. हा प्रश्न आजही सुटलेला नाही. मुलांना हे नक्की सांगा, ३.१ आला म्हणून जुळलं असं भासवू नका.

ध्रुवतारा२२
अवांतर: हे क्षेत्र पोचतं कुठवर? व्होयेजर १ यान तर २०१२ मध्येच सूर्यमालेबाहेर गेलं ना?

चकती
सूर्यमालेबाहेर नाही हो! सूर्यमालेच्या कडेचा धूमकेतूंचा ऊर्ट मेघ कितीतरी पुढे आहे. गेलं ते सौरवाऱ्याच्या हद्दीबाहेर, पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १२१ पटींवर. आणि गंमत म्हणजे चुंबकमापकाने ते सांगितलंच नाही, क्षेत्राची दिशा फारशी बदललीच नव्हती. बाहेर पडलं की नाही यावर वर्षभर वाद चालला. शेवटी प्लाझ्मातल्या कंपनांवरून घनता काढली, ती आतल्यापेक्षा सुमारे ४० पट निघाली, तेव्हा २०१३ मध्ये पक्कं झालं.

पाचवा_तास
सर्वांचे मनापासून आभार. सूत्र आधीच लिहायला हवं होतं. फवारा वर्गात आणता येणार नाही, म्हणून आत्ता पुठ्ठ्याची चकती टाचणीवर फिरवत पेन मध्यापासून कडेकडे पट्टीला धरून सरळ ओढलं. हात सरळ गेला आणि कागदावर गुंडाळी उमटली! चकती तशीच फिरवून पेन भरभर ओढलं की गुंडाळी उलगडते. मग वारा ८०० किमीचा असेल तर पृथ्वीपाशी कोन ४५ ऐवजी किती?

चकती
२८ च्या आसपास. सूर्याच्या फिरण्याचा कोनीय वेग गुणिले पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर, भागिले वाऱ्याचा वेग, हा त्या कोनाचा टॅन. मुलांना स्वतःच काढू द्या.